पहिल्या पानावरचं नाव

१८ मे २००६, गुरुवार

बदलीचं पत्र आलं. एक ऑगस्टपासून पुणे ऑफिस. ऊर्मी माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. तिने कॅन्टीनमधून जांगिरी, म्हणजे इथली इमरती, आणली आणि म्हणाली, सुटलीस बाई चेन्नईच्या उकाड्यातून. मीही हसले. हसायची जागा आली की हसायचं, हे आता जमायला लागलंय.

सामान फारसं नाही. दोन बॅगा, एक गादी (ती इथेच ठेवीन), पुस्तकांचं खोकं. आणि मोटारसायकल. ती पुण्याला न्यायची तर आधी माझ्या नावावर करायला हवी, कारण कागदोपत्री ती माझी नाहीच. आरसी बुकावर मालक म्हणून नाव आहे जयवंतीबाई यांचं, वय तेव्हा सत्तर. माझ्या घरमालकीण. मैलापुरात तंजावरी मराठी माणसांची जी काही थोडी घरं उरली आहेत, त्यांतल्या एका घराच्या वरच्या मजल्यावर त्या राहतात आणि त्यांच्या बाजूच्या खोलीत मी.

हे असं झालं कारण नोव्हेंबर २००४ मध्ये मला इथे येऊन दोन महिनेच झाले होते. रेशनकार्ड नाही, पत्त्याचा पुरावा नाही. गाडी घ्यायला बाबा मुद्दाम साताऱ्याहून आले होते. शोरूमवाला म्हणाला, मुलीसाठी स्कूटी बघा. बाबांनी त्याला विचारलं, "का? इंजिनाला कळतं का वर कोण बसलंय ते?" तीस वर्षं एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, शोरूमवाला त्यांच्यापुढे काय टिकणार. पण पत्त्यापुढे बाबांचंही काही चालेना. शेवटी शोरूमवालाच म्हणाला, कुणा इथल्या माणसाच्या नावावर घ्या, सगळे तसंच करतात. संध्याकाळी घरी येऊन बाबा हे सांगत होते तेव्हा जयवंतीबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "माझं नाव चालंल कां?"

बाबा गेले त्याला साडेतीन महिने झाले. तीन फेब्रुवारी. मी पोचले तेव्हा सगळे अंघोळी करून बसले होते.

हे लिहिताना हात थांबेल असं वाटलं होतं. थांबला नाही.

२१ मे, रविवार

आजींना (मी त्यांना आजीच म्हणते) बदलीचं सांगितलं. त्या मुरुंगक्काय, म्हणजे शेवग्याच्या शेंगा चिरत होत्या. चिरत राहिल्या. मग म्हणाल्या, "सेरी, बरं. पोटासाठी कोठेही जावं लागतं माँ." मी म्हटलं, गाडीचे दोन फॉर्म आहेत, त्यांवर तुमच्या सह्या हव्यात आणि आरसी बुक. माझा पासपोर्ट याच पत्त्यावर झालाय, आता पुराव्याची अडचण नाही.

"आता राहूकालम," त्या म्हणाल्या. "बरं नाही. मागून बघू."

रविवारचा राहूकाळ साडेचारला सुरू होतो. तेव्हा चार वाजले होते.

गाडी खाली जिन्याशी उभी आहे. फेब्रुवारीपासून मी तिला हात लावलेला नाही. कंपनीच्या बसने जाते. तरी गाडीवर धूळ नाही, हे आज लक्षात आलं. वॉचमन पुसत असेल.

३० मे, मंगळवार

अनिकेतदादाचं कुरिअर. दादाने आपल्या बारीक अक्षरात चिठ्ठी लिहिली आहे: "स्वरा, घराचं काम काढायचंय, वर दोन खोल्या. बाबांच्या मागे आपल्या तिघांची नावं लागली आहेत. एकाच नावावर असलं की सगळं सोपं जातं. आई तिचं सोडतेच आहे. तुझ्या हक्कसोडासाठी मुखत्यारपत्र पाठवतोय, तिथल्या रजिस्ट्रारपुढे सही करून परत पाठव. येण्याजाण्याचा त्रास नको तुला."

सोबत स्टॅम्प पेपर. शेवटच्या पानावर पेन्सिलीने फुली मारून ठेवली आहे, सही कुठे करायची ती कळावी म्हणून. दादा लहानपणापासून असाच व्यवस्थित.

आईला फोन केला. ती म्हणाली, "बहिणी देतातच गं. मीही दिलं होतं मामाला. त्यात काय एवढं." खरंच, त्यात काय एवढं. फक्त एक दिवस सुट्टी मिळायला हवी. बदलीपर्यंत माझ्या तीनच सुट्ट्या शिल्लक आहेत आणि त्या आरटीओसाठी लागतील. पाकीट टेबलावर ठेवलं.

४ जून, रविवार

आरसी बुक सापडत नाही म्हणे. आजी दिवसभर शोधत होत्या, निदान तसं दाखवत तरी होत्या. ट्रंक उघडली, तांदळाच्या डब्यात पाहिलं. मी विचारलं, "आजी, नीट आठवा, शेवटी कुठे ठेवलं होतं?"

"मज काय ठाऊक माँ. वय झालं."

यांना चाळीस वर्षांपूर्वी कुणाच्या लग्नात पायसम कमी पडलं ते आठवतं. आरसी बुक आठवत नाही. मला राग यायला हवा होता. आला नाही, नुसता थकवा आला.

दुसरं बुक काढायचं तर पोलिसांत हरवल्याची तक्रार द्यायची, मग अर्ज, मग महिना. महिना माझ्याकडे आहे, पण जेमतेम.

१० जून, शनिवार

पंखा बंद पडला. आजींना सांगितलं तर म्हणाल्या, सुब्बाला विचारते. सुब्बाराव हा त्यांचा भाचा, भावाचा मुलगा. जॉर्ज टाउनमधल्या बँकेत असतो, खालच्या मजल्यावर बायकोमुलांसह राहतो. साध्या पंख्यासाठी त्याला काय विचारायचं? पण गेल्या खाली. जिना उतरताना दोन वेळा थांबल्या.

सुब्बाराव वर आले, पंखा पाहिला. मी त्यांनाच आरसी बुकाचं विचारलं. ते हसले. त्यांना मराठी समजतं, बोलताना मात्र इंग्रजी आणि तमिळच. म्हणाले, हरवलं? शक्यच नाही. आत्या तर ते येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला दाखवते. परवा गॅसवाल्यालाही दाखवत होती.

गॅसवाल्याला कशाला दाखवायचं? म्हातारपणी माणसं अशी होतात बहुतेक. किंवा त्यांना गाडी ठेवून घ्यायची असेल. विकली तर चांगली किंमत येईल. असा विचार मी केला, आणि मग वाटलं, बाबांनी हा कधीच केला नसता.

१७ जून, शनिवार

सापडलं.

आजी कपालीश्वराच्या देवळात गेल्या होत्या. मला काडेपेटी हवी होती म्हणून त्यांच्या देव्हाऱ्याच्या फडताळात हात घातला. खंडोबाच्या टाकामागे पिवळ्या कापडात गुंडाळलेलं आरसी बुक. वर हळद-कुंकू. दोन वर्षांचं, थरावर थर.

त्या आल्या तेव्हा मी ते हातात घेऊनच बसले होते. "आजी, हे काय? खोटं का बोललात?"

त्यांनी चप्पल काढली, पाय धुतले, पदराला हात पुसले. मग माझ्या हातातून बुक घेतलं. ओढून नाही, लहान मूल घ्यावं तसं सावकाश.

"गाडी माझी आहे," मी म्हटलं. "बाबांनी मला घेऊन दिली आहे."

"होय की. तुझीच."

"मग?"

"मग काही नाही माँ."

मी माझ्या खोलीत आले. दार जरा जोरात लागलं. नंतर त्यांनी दाराबाहेर दहीभात ठेवला होता. मी खाल्ला. लोणच्यासकट. राग आलेल्या माणसाने खाऊ नये खरं तर, पण भूक लागली होती.

२५ जून, रविवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

सकाळी कॉफीला आजी माझ्या खोलीत आल्या. त्या सहसा येत नाहीत, दारातूनच बोलतात. टेबलावर दादाचं पाकीट पडलं होतं, महिना होत आला तसंच. कागद अर्धे बाहेर. त्यांनी वरचं पान उचललं, चष्मा लावला. देवनागरी त्यांना सावकाश वाचता येते, पोथ्या वाचायची सवय आहे. मी म्हटलं, "काही नाही, घराचे कागद आहेत. दादाच्या नावावर करायचंय."

"तुझा भाग?"

"सोडायचा. सगळ्या सोडतात."

त्या पानं उलटत शेवटापर्यंत गेल्या. पेन्सिलीच्या फुलीवर बोट ठेवलं. मग माझ्या गादीवर बसल्या.

"माझे यजमान गेले तेव्हा मी सव्वीस वर्षांची," त्या म्हणाल्या. "दिराने कागद आणला. म्हणाला, वहिनी, येथे सही. मज सही येते म्हणून मज केवढा अभिमान होता माँ! त्या घरात अस्क्या (सगळ्या) बायका अंगठा लावीत. मी पाचवीपर्यंत शिकलेली. पाय दुमडून बसले, टाक घेतला, सुंदर सही केली. आठ दिवसांनी माहेरी आले."

मी कॉफीचा पेला खाली ठेवला.

"मग अप्पा, माझे वडील, वारले. भावाने कागद आणला. हेच घर. म्हणाला, अक्का, तुज येथून कोण काढतो? येथे सही. कोणी काढलं नाही, खरं. भाऊ चांगला, सुब्बाही चांगला. पण पंखा बिघडला तर खाली जावं लागतं."

म्हणजे घर त्यांचं नाही. दोन वर्षं मी घरमालकीण घरमालकीण म्हणते आहे. भाड्याच्या पावतीवर सुब्बारावांची सही असते, ती मी दर महिन्याला पाहते, आणि तरीही.

"जन्मात तीन सह्या केल्या," आजी म्हणाल्या. "दोन केल्या आणि गेलं. तिसरा कागद तुझ्या बाबांनी आणला. सही केल्यावर काही आलं, असा तो एकच. ते म्हणाले, बाई, आता तुम्ही मालक. मी हसले. मग तीन दिवस झोप नाही." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "ग्यास सुब्बाच्या नावे, कार्ड सुब्बाच्या नावे. गाडी तेवढी माझ्या नावे. मज चालवता येत नाही, मग काय झालं? रोज पुसते."

वॉचमन नव्हता पुसत.

आत काहीतरी हलायला हवं होतं. मी कॉफीचे पेले उचलले आणि विसळायला गेले. परत आले तर त्या उभ्या होत्या, हातात दादाचं पाकीट.

"मी सही करते," म्हणाल्या. "बुक घेऊन जा. पण हे पाकीट तोपर्यंत देवाजवळ राहील. माझं काम झालं की तुझं घे आणि काय करायचं ते कर. सेरी?"

"सेरी," मी म्हटलं.

पिवळ्या कापडात आता दादाचं पाकीट आहे. आरसी बुक माझ्याकडे. हळद बोटांना लागली, अजून गेली नाही.

२६ जून, सोमवार

पहिली सुट्टी. आरटीओत दोन तास रांग. खिडकीतल्या माणसाने फॉर्मवरची सही पाहिली, वय पाहिलं, गाडी पाहिली, मग मला पाहिलं. बहात्तर वर्षांच्या बाई दीडशे सीसीची मोटारसायकल विकताहेत यावर त्याचा विश्वास बसेना. मी त्याच्या जागी असते तर माझाही बसला नसता. म्हणाला, ओनरला घेऊन या. समोर सही पाहिजे.

त्याने आणखी विचारलं, तुमचं इनिशियल? मी आडनाव सांगायला लागले. ते नको, इनिशियल. वडिलांचं. इथे तसंच असतं, आडनाव कुणाला लागत नाही, नावाआधी बापाचं एक अक्षर पुरतं. मी म्हटलं, "एम. माधवराव." त्याने तसंच लिहिलं. मी ते अक्षर थोडा वेळ पाहत उभी राहिले. मागचा माणूस म्हणाला, मॅडम, पुढे चला.

३ जुलै, सोमवार

दुसरी सुट्टी. ऑटो बोलवायला निघाले तर आजी म्हणाल्या, "ऑटो कशाला? गाडी आहे की."

पाच महिन्यांनी किक मारली. चौथ्या वेळी लागली. सीटखालच्या पिशवीत सर्व्हिसचं पुस्तक होतं, त्याच्या आतल्या पानावर बाबांनी लिहिलंय: "चेन सैल वाटली तर लगेच आवळून घे. उद्यावर टाकू नको." मी पुस्तक परत ठेवलं.

आजी एका बाजूला पाय सोडून बसल्या, नऊवारी नीट आवरून, एक हात माझ्या खांद्यावर. सुब्बाराव गॅलरीतून "आत्या, आत्या!" करत राहिले. त्यांनी वर पाहिलंही नाही. कच्चेरी रोडवर सिग्नलला थांबलो तेव्हा शेजारच्या बसमधल्या बायका हसायला लागल्या. आजींनी त्यांना हात केला. मी वीसच्या वर नेली नाही, तरी त्या कानाशी म्हणाल्या, "जरा वेगाने ने, माँ."

खिडकीतल्या माणसाने त्यांना तमिळमध्ये विचारलं, अम्मा, वंडी तुमचीच ना? स्वखुशीने देताय? कुणी जबरदस्ती करत नाही ना?

आजी ताठ उभ्या राहिल्या. "एन वंडीदान," म्हणाल्या. माझीच गाडी. हे त्यांनी इतक्या मोठ्याने सांगितलं की बाजूच्या खिडकीतल्या लोकांनीही वळून पाहिलं. तो म्हणाला, मग इथे सही करा. त्यांनी पेन घेतलं आणि थांबल्या. मला वाटलं, नाही करणार. मग मला म्हणाल्या, "खुर्ची मिळंल कां? उभ्याने सही चांगली येत नाही."

खुर्ची दिली. दोन्ही फॉर्मांवर त्यांनी सही केली. अक्षरं मोठी, एकेक सुटं, ओळीवर. खरंच सुंदर सही आहे.

येताना त्यांचा खांद्यावरचा हात जाताना होता त्यापेक्षा घट्ट होता. घरी आल्यावर गाडी स्टँडला लावली, तर त्यांनी सवयीने फडकं काढलं, आणि मग तसंच कमरेला परत खोचलं.

मला वाईट वाटलं. हे लिहून ठेवते, कारण बऱ्याच दिवसांनी काहीतरी वाटलं.

१५ जुलै, शनिवार

दादाचा फोन. कागद पोचले ना, सही झाली का. मी म्हटलं, सुट्टी नाही. तो म्हणाला, एक अर्धा दिवस नाही का मिळत? गाडीसाठी दोन दिवस काढलेस म्हणे. बरोबरच आहे त्याचं. ते मी आजवर जोडून पाहिलंच नव्हतं. जुन्या गाडीसाठी दोन महिने फिरते आहे, आणि ज्या घरात बाबांनी माझ्या उंचीच्या रेघा दाराला खिळ्याने कोरल्या, ते एका फुलीवर सोडायला निघाले होते. त्यातही अडचण कसली, तर सुट्टीची.

२२ जुलै, शनिवार

आरसी बुक आलं.

मी आधी माझं पान पाहिलं. पुढच्या पानावर नवीन मालकाची नोंद. एम. स्वरदा, माधवराव यांची मुलगी. शिक्का, तारीख. मग मागे गेले. पहिल्या पानावर जयवंतीबाईंचं नाव जसंच्या तसं. खोडलेलं नाही, काट मारलेली नाही.

धावत आजींकडे गेले. त्या मिरच्या निवडत होत्या. बुक त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला, बोट फिरवलं.

"पुसलं नाही?"

"पुसत नाहीत आजी. पुढच्या पानावर लिहितात. पहिलं नाव तसंच राहतं."

"कायम?"

"गाडी आहे तोवर."

त्यांनी परत एकदा वाचलं. ओठ हलवून, सावकाश, पोथी वाचतात तसं. मग बुक माझ्या हातात दिलं आणि फडताळातून पिवळं कापड काढलं. "तुझं पाकीट," म्हणाल्या. "माझं काम झालं."

३० जुलै, रविवार

गाडी काल सेंट्रल स्टेशनवरून पार्सलने गेली. पेट्रोल काढून, गोणपाट बांधून. उद्या मी.

सकाळी दादाला फोन केला.

"दादा, मी सही करणार नाही."

"तुला घर हवंय का स्वरा? आधी सांगायचंस."

"नको. तूच राहा. खोल्या बांध, मला विचारूही नकोस. लागतील त्या इतर कागदांवर सही करते. फक्त नाव राहू दे."

"नाव ठेवून काय करणार आहेस?"

"काही नाही. बाबांच्या खाली असू दे. आईचंही पुसू नकोस."

"आई स्वतःच सोडते आहे."

"तिला विचार ना एकदा. मामाच्या कागदावर सही केली तेव्हा काय वाटलं होतं, ते विचार."

त्याने फोन ठेवला नाही. आईला हाक मारलेली ऐकू आली, मग तिच्या पावलांचा आवाज. मग ती फोनवर आली. नुसता श्वास. मी म्हटलं, "आई, बाबांनी गाडीच्या पुस्तकात लिहिलंय, चेन सैल वाटली तर उद्यावर टाकू नको." एवढंच म्हटलं, आणि रडायला लागले. पाच महिने सत्तावीस दिवसांनी. आईही रडली. दादा मागून "काय झालं, काय झालं" विचारत होता.

आजी दारात आल्या होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तो कागद टाकणार कां?"

"टाकीनच आता."

"टाकू नको. जाड कागद आहे, चांगला."

दुपारी गच्चीवर कपडे काढायला गेले. आजींनी मोरमिळगाय, आपली सांडगी मिरची, वाळत घातली होती. वर्तमानपत्र पुरलं नसावं, म्हणून शेवटच्या ओळीखाली दादाचा स्टॅम्प पेपर. चार कोपऱ्यांवर चार दगड. पेन्सिलीच्या फुलीवर तीन मिरच्या होत्या, ताकाने अजून ओल्या.